देवकाचा रकाना

सुरतेत राहून तीस वर्षं झाली तरी खानदेशी माणसाला गाव विचारलं की तो सुरत सांगत नाही. अमळनेर सांगतो, शिरपूर सांगतो, जिथे आता त्याला ओळखणारं कुत्रंही उरलेलं नाही ते खेडं सांगतो. गावामागून कूळ येतं, तेही तोंडपाठ असतं. पण लग्नाची गोष्ट निघाली की तिसरा प्रश्न येतो, देवक कोणतं? तिथे मात्र बरेच जण खाकरतात, चहा मागवतात आणि म्हाताऱ्यांना विचारून सांगतो म्हणतात. म्हातारे कधीच गेलेले असतात.

देवक म्हणजे कुळाचं झाड, पान किंवा पीस. कुणाचा कळंब, कुणाचा उंबर, कुणाचं मोरपीस. लग्नाआधी ते घरी आणून पुजतात. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, मग त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं असो वा नसो; त्यांच्यात सोयरीक होत नाही. काही जणांचं देवक पंचपल्लव असतं, म्हणजे पाच झाडांची पानं. आणि ज्याला आपलं देवक आठवतच नाही त्यालाही भटजी पंचपल्लवच बांधायला सांगतो, कारण मुहूर्त काही थांबत नाही.

सुरतेच्या बमरोली भागातल्या मराठा समाज मंडळाची वधू-वरांची वही योगराज तात्यांकडे होती. तात्या एका मिलमध्ये फोल्डिंग मास्तर होते. निवृत्त झाले तेव्हा कापडाच्या घड्या सुटल्या आणि लोकांच्या सोयरिकी हाती आल्या. वही त्यांनी बावीस वर्षं नेकीने सांभाळली. ज्याचं देवक माहीत नाही त्याचा रकाना ते रिकामा ठेवायचे, कळलं की भरू म्हणून. कळवायला कुणी आलं नाही आणि तात्यांनीही कधी कुणाच्या मागे लागून विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तात्यांच्या पुतण्याने, चेतनने, त्या वहीचं ॲप केलं. चेतन सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला होता आणि मंडळाचं काम रविवारी फुकटात करायचा, त्यामुळे त्याला कुणी फार बोलतही नसे. तात्यांनी अट एकच घातली होती: एका देवकाची माणसं एकमेकांना दिसताच कामा नयेत. फोटो बघून मन बसतं, मग देवक निघतं एक, आणि दोन्ही घरी रडारड. चेतनने काकाची आज्ञा शब्दशः पाळली. घोळ तिथेच झाला.

रंजना निकम एकतीस वर्षांची होती. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ती डेटाबेस सांभाळायची. कोणत्या टाकीत काय आहे, कोणत्या बॅचची तपासणी झाली, कोणती राहिली, हे सगळं तिच्या तक्त्यांत असे. वडील बाजीराव ती सात वर्षांची असताना गेले. आई प्रमिलाबाई घरी साड्यांवर टिकल्या लावायचं काम करायच्या आणि त्यावरच त्यांनी लेकीला शिकवलं. प्रमिलाबाईंच्या माहेरचं कुणी फिरकत नव्हतं. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून, एवढं रंजनाला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी प्रमिलाबाईंनी लेकीचं नाव मंडळात घातलं आणि देवकाचा रकाना रिकामा सोडला. रंजनाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुना बापना मायबाप धाकलपनेच गयात. देवक कोण सांगी?" वडील पोरके होते हे रंजनाने आधीही ऐकलेलं होतं, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही.

त्या तीन वर्षांत एकही स्थळ आलं नाही. एकही म्हणजे एकही. नकार यायचा तर आधी कुणी विचारावं लागतं, तेवढंही झालं नाही. रंजना चारचौघांत म्हणायची, मला कुठे घाई आहे. पण मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली तसं तिला आरशासमोर उभं राहणं नकोसं झालं. आपल्यात असं काहीतरी आहे जे सगळ्यांना दिसतं आणि आपल्याला तेवढं दिसत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. ती हे कुणाला बोलली नाही. लग्न तिला हवं होतं आणि ते होणार नाही याची तिला भीती वाटत होती, इतकी साधी ती गोष्ट होती.

ॲप प्रमिलाबाईंच्या फोनवर होतं. दर सोमवारी उपास सोडण्याआधी त्या ते उघडायच्या, बघायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या. एका सोमवारी फोन अडकला म्हणून त्यांनी तो रंजनाच्या हातात दिला, आणि रंजनाने तो पडदा पहिल्यांदाच पाहिला. वर तिचा फोटो होता. खाली एक ओळ होती: आपल्यासाठी योग्य स्थळ नाही.

"असंच दिसतं कायम?" रंजनाने विचारलं.

"असंच दिसस."

"तीन वर्षं?"

प्रमिलाबाई टिकल्यांचं पाकीट उघडझाक करत राहिल्या.

ॲपमध्ये अकराशे चाळीस नावं होती. अकराशे चाळिसांतून एकही योग्य नाही, हे रंजनाच्या डोक्यात बसेना. नापसंती झाली तरी थोडी इकडे थोडी तिकडे असते, इतकी साफ कधी नसते. कामाच्या जागी तक्ता एकदम कोरा आला की ती नशिबाला बोल लावत नसे. यंत्राला प्रश्न कसा विचारलाय ते आधी बघायची. इथेही तेच बघायचं तिने ठरवलं.

रविवारी ती मंडळाच्या खोलीवर गेली. तात्या वधू-वर मेळाव्याच्या मांडवाचा भाव फोनवर पाडून घेत होते आणि चेतन लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला होता. रंजनाने त्याला ॲपच्या पोटातला प्रश्न दाखवायला सांगितलं. ती एकच ओळ होती. तिने ती वाचली आणि खुर्ची ओढून बसली.

"ह्याला तू सांगितलंयस, ज्याचं देवक माझ्या देवकाहून वेगळं आहे ते दाखव. बरोबर?"

"बराबर, दीदी."

"आणि ज्याचा रकाना रिकामा आहे?"

चेतन घुटमळला. "ए तो वेगळंच झालं ना?"

"ते तुला वाटतं. यंत्राला वाटत नाही. रिकामं म्हणजे माहीत नाही. माहीत नसलेलं देवक कळंबाहून वेगळं आहे का, असं विचारलं तर ते हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही. सांगता येत नाही, म्हणतं. आणि तू फक्त हो म्हटलेले दाखवतोयस."

तात्यांनी फोन खाली ठेवला होता. "म्हणजे ते नाहीच म्हणतं की."

"बोलताना म्हणत नाही, तात्या. वागताना म्हणतं."

तात्यांना हे लगेच पटलं. तशी माणसं त्यांनी मंडळात बरीच पाहिली होती.

रिकाम्या रकान्यांची माणसं रंजनाने मोजली. त्रेसष्ट निघाली. तीन वर्षांत ती कुणालाही एकदाही दिसली नव्हती. आणि त्यांनी स्वतः ॲप उघडलं की त्यांनाही कुणी दिसत नव्हतं, कारण आपलंच माहीत नसेल तर कुणाशीही ताडून बघितलं तरी उत्तर तेच येतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चेतनने कपाळाला हात लावला आणि दहा मिनिटांत ओळ बदलली: वेगळं असलेले दाखव, आणि माहीत नसलेलेही दाखव.

"पण रकाने रिकामेच राहू द्या," रंजना जाताना म्हणाली. "आमच्याकडे बॅचचा पीएच मोजायचा राहिला की एक नवीन पोरगा तिथे शून्य लिहायचा. शून्य म्हणजे जहाल ॲसिड. नाही मोजलं तर नाही मोजलं." तात्यांनी मान हलवली, पण त्यांचं निम्मं लक्ष मांडवाच्या भावात होतं.

जिना उतरताना रंजनाला रडू आलं. आधी राग होता, तीन वर्षांचा. मग लक्षात आलं की राग फार टिकत नाहीये, त्याच्याखाली दुसरंच काही आहे. तिला कुणी नाकारलं नव्हतं. तिला कुणी पाहिलंच नव्हतं. तिने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली, आणि तिला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बारडोलीहून फोन आला. नितीन पवार, बत्तीस वर्षांचा, साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आईबाप नव्हते, आत्या मंगलाबाईंनी वाढवलेला. त्याचाही रकाना रिकामा होता. त्याचे आजोबा नंदुरबारकडून ऊसतोडीला आले आणि फडात साप चावून गेले. आजी दोन पोरांना घेऊन तिथेच राहिली. थोरला नितीनचा बाप, धाकटी मंगलाबाई, तेव्हा चार महिन्यांची. आजोबांबरोबर गावही गेलं आणि देवकही; आजीकडून ते कुणी विचारून घेतलं नाही.

दोघं पहिल्यांदा भेटली ती प्रमिलाबाईंच्या खोलीत, मंगलाबाई आणि प्रमिलाबाई दोन्ही बाजूंना पहाऱ्यासारख्या बसलेल्या असताना. मग त्या दोघी चहाच्या निमित्ताने आत गेल्या. रंजनाने नितीनला त्रेसष्ट नावांचा घोळ समजावून सांगितला. त्याने तो लक्ष देऊन ऐकला.

"म्हणजे वायरच जोडलेली नव्हती," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं, उंचीमुळे."

तो खरंच बुटका होता. रंजना हसली, आणि आपण आरशासमोर काय काय शोधायचो ते तिने त्याला सांगून टाकलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तो गेला तेव्हा तिचं ठरलं होतं. पुढे तो तीन रविवार आला, एकदा त्याने घरातला पंखा उघडून दुरुस्त केला, आणि मंगलाबाईंनी सुपारी फोडायचा दिवस सांगून पाठवला. प्रमिलाबाईंनी उसनी भांडी आणली.

इकडे तात्यांचा मेळावा जवळ आला होता. परिचय पुस्तिका छापायला द्यायची होती आणि तिच्यात त्रेसष्ट ठिकाणी देवकापुढे नुसती रेघ. तात्यांना ते बरं दिसेना. लोक म्हणतील, ह्यांना आपलं कूळही धड माहीत नाही. त्यांनी रीतीला धरून उपाय काढला आणि चेतनला सांगितलं, जिथे रिकामं आहे तिथे पंचपल्लव भर. चेतनने एका ओळीत त्रेसष्ट घरांना देवक वाटून टाकलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रंजनाला कुणी कळवलं नाही, कारण यात कळवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

सुपारीच्या दिवशी मध्यस्थ म्हणून तात्या आले, धुतलेला सदरा घालून. नितीन आणि मंगलाबाई आले. मंगलाबाईंच्या हातात ती पुस्तिका होती आणि चेहरा ओढलेला होता. पाट, सुपारी, हळदकुंकू सगळं मांडलेलं होतं. मंगलाबाई पाटाजवळ आल्याच नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडून दोन पानांत दोन बोटं घातली.

"आमनं देवक पंचपल्लव शे," त्या म्हणाल्या. "तुमनंबी पंचपल्लव. भाऊबहीणनं लगन लावतस का?"

रंजनाने पुस्तिका घेऊन पाहिली, मग तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी घसा साफ केला. "अहो, ते आपलं रीतीप्रमाणे. ज्याचं देवक माहीत नाही त्याने पंचपल्लव बांधायचं असतं. म्हणून मीच..."

"म्हणजे हे खरं नाही," रंजना मंगलाबाईंना म्हणाली. "तुमचं आणि आमचं, दोन्ही नंतर भरलेलं आहे. दोघांचं माहीत नाही, एवढंच खरं आहे. माहीत नाही म्हणजे सारखं असं होत नाही, आत्या."

"मंग येगळं शे का? लिखी दे."

वेगळं आहे असं रंजना लिहून देऊ शकत नव्हती. सारखं आहे असंही कुणी म्हणू शकत नव्हतं. नितीनचे आजोबा आणि तिचे वडील, दोघांचीही मुळं कुठल्या झाडाला होती ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ह्या प्रश्नाला यंत्राने जे उत्तर दिलं असतं तेच तिच्याकडे होतं, आणि त्या उत्तरावर सुपारी फुटत नाही.

"आत्या, ते चुकून छापलंय," नितीन हळूच म्हणाला.

मंगलाबाईंनी पुस्तिका ओढून घेतली आणि छातीशी धरली. "साठ वरीस माले कोणी देवक इचारं का मी मान खाले घालू. आते छापेल शे. मंडळनी छापेल शे. ते खोटं शे म्हणू नको."

म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा देवक मिळालं होतं आणि ते परत मागायची कुणाची हिंमत होत नव्हती. रंजनाला तिचा राग आला आणि तो धरवेनाही.

वाट तात्यांनीच काढली. बावीस वर्षं सोयरिकी जुळवणाऱ्या माणसाला वाट सापडतेच. "मंगलाबाई, तुमचं पंचपल्लव राहू द्या. ते पक्कं. ह्यांचं आपण कळंब करू. चेतनला फोन लावतो, पाच मिनिटांचं काम आहे. पुस्तिकेत शुद्धिपत्र टाकू. प्रमिलावहिनी, तुम्ही फक्त एवढं म्हणा, की आता आठवलं, कळंबच होता. झालं."

मंगलाबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनाही हे लग्न मोडायचं नव्हतंच. नितीनने रंजनाकडे पाहिलं. सगळ्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं.

आणि रंजनाला, जिने सगळ्यांना रिकाम्या जागी काही भरू नका म्हणून सांगितलं होतं तिला, मनापासून वाटलं की आईने मान हलवावी. एक कळंब. कुणाचं काय बिघडणार होतं? तिने डोळ्यांनी आईला विनवलं.

प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तात्या, तेसना नावपुढे झाड लिखू नका."

"अहो, कागदापुरतं..."

"तेसले देवक नव्हतंच. माहीत नही अशी गोट नही. नव्हतंच." मग त्यांनी, जिने उखाण्यातसुद्धा कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं त्या बाईने, ते पूर्ण घेतलं. "बाजीराव नामदेव निकम. त्या बौद्ध व्हतात. एकच कारखानामा आमी दोन्हीजण कामले व्हतूत. लगन आमी आमनं करं."

देवकाची अडचण त्या वाक्याने मिटली होती. ज्याला देवकच नाही त्याचं कुणाशी सारखं निघण्याचा प्रश्न येत नाही, आणि यंत्रानेही आता बिनदिक्कत उत्तर दिलं असतं. पण दुसरी अडचण उभी राहिली. तिला तात्यांच्या वहीत रकानाच नव्हता, कारण वहीत येणारा प्रत्येक जण समाजातलाच असणार, ते विचारायची गरज नाही, असं मंडळ पहिल्यापासून धरून चाललं होतं.

तात्या आपल्या चपलांकडे बघत राहिले. मंगलाबाईंनी पुस्तिका पिशवीत घातली, पिशवीचे बंद आवळले आणि त्या उठल्या. "हाई लगनले मनी हरकत ऱ्हाई," त्या म्हणाल्या. "कुठेबी लावा, मी हरकत लिसू." नितीन काहीतरी बोलायला गेला, पण आत्या जिना उतरायला लागली होती आणि तिचे गुडघे धड नव्हते. तो तिला धरायला मागे गेला. थोड्या वेळाने खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मांडलेलं सगळं रंजनानेच उचललं. मग ती आईसमोर बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"कोणी इचारं नही, मी सांगं नही." शाळेच्या दाखल्यावर प्रमिलाबाईंनी आपलीच जात लावली होती, सुरतेत निकम म्हटलं की पुढे कुणी खोदत नसे.

"मग तेव्हाच कळंब लिहायचा. रिकामं कशाला सोडलंस?"

"खोटं लिखाले जीव नही व्हयना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "खरं लिखानी हिंमत नही व्हयनी." मग त्या म्हणाल्या, "दर सोमवारले ते मोबाइल सांगे, योग्य स्थळ नही. माले वाटे, तेले कळनं."

तीन वर्षं ही बाई उपाशी पोटी त्या पडद्यापुढे बसत होती, आणि यंत्राने आपल्याला ओळखलंय असं समजून फोन पालथा ठेवत होती. रंजनाला आईचा जो राग आला होता तो तिथे संपला.

"तू मान हलवावीस असं मला वाटत होतं," ती म्हणाली.

"माले माहीत शे."

पुढच्या रविवारी रंजना पुन्हा मंडळाच्या खोलीवर गेली. चेतनने बासष्ट रकाने पुन्हा रिकामे केले. मंगलाबाईंच्या घरचा मात्र तिने तसाच ठेवायला सांगितला. त्यांना ज्या दिवशी बदलावासा वाटेल त्या दिवशी बदलतील. मग तिने चेतनकडून तिथे दोन पर्याय करून घेतले. एक, माहीत नाही. दुसरा, देवक नाही. आपल्या नावापुढे दुसरा निवडला आणि खाली माहितीच्या जागेत लिहिलं: वडील बौद्ध, आई मराठा. तात्यांनी मंडळाचे नियम दोनदा वाचून पाहिले. नाव काढून टाकावं असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते फार जोर लावून शोधतही नव्हते.

आता रंजना अकराशे एकोणचाळीस घरांना दिसत होती. पहिल्या आठवड्यात फोन आला नाही. दुसऱ्यात आला नाही. आधीचं गप्प बसणं आणि हे गप्प बसणं बाहेरून अगदी एकसारखं होतं. पण आता लोकांनी तिला पाहिलं होतं, वाचलं होतं आणि मग फोन केला नव्हता. ह्याला नकार म्हणतात. तो तिला लागला. पण आरशात शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

नितीन चौथ्या रविवारी आला, एकटा. दारातच उभा राहिला.

"आत्या?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाही आली. मी सांगून आलोय. भांडून आलोय म्हणा." मग रंजनाकडे बघून म्हणाला, "महिना लावला. लवकर यायला पाहिजे होतं."

"हो," रंजना म्हणाली. "यायला पाहिजे होतं." आणि बाजूला होऊन तिने त्याला आत घेतलं.

लग्न नोंदणीच्या कचेरीतला अर्ज गुजरातीत होता. नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की कसे, राहण्याचं ठिकाण, तिथे किती दिवसांपासून. देवकाचं कुणी विचारलं नव्हतं. अर्जाची नोटीस कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस लावतात. कुणाची हरकत असेल तर त्याने येऊन नोंदवायची. तीस दिवस त्या दोघांची नावं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर टांगलेली राहिली.

प्रमिलाबाई एक दिवसाआड फळ्यापाशी जायच्या. टिकल्यांचं काम उशिरा पोचलं म्हणून बोलणी खायच्या आणि तरी जायच्या. गुजराती अक्षरं त्यांना सावकाश लागायची. रंजना बाजीराव निकम. तेवढं वाचून त्या आजूबाजूला बघायच्या, कुणी बघतंय का. मंगलाबाई कधी रिक्षातून उतरतील याची त्यांना धास्ती होती. कायद्यात कोणती हरकत चालते आणि कोणती नाही हे रंजनाने सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या अनुभवात सगळ्या हरकती चालत आल्या होत्या.

एकतिसाव्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच त्या दाराशी जाऊन बसल्या. रंजना आणि नितीन मागून आले तेव्हा त्या कारकुनाच्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"कोईनो वांधो नथी आव्यो, बेन," कारकून सांगत होता. "रजिस्टर कोरुं छे."

"बारडोलीवाली मंगलाबाईनो?"

"कोईनो नथी." त्याने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. हरकतीचं पान पांढरं होतं. "तीस दहाडामां कोई आवे नहीं, एटले हा ज गणाय."

तीस दिवसांत कुणी आलं नाही की इथे त्याचा अर्थ होकार धरतात. प्रमिलाबाईंनी त्या कोऱ्या पानावर तळहात ठेवला आणि भर कचेरीत, नवऱ्याचं नाव घेऊन, मोठ्याने रडल्या.